भाऊजींना चूक मान्य आहे

आमच्या धाकट्या दिरांबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधायचा झाला, तर गावाबाहेर जावं लागेल. आणि तिथेही त्यांच्या दुकानातला चष्मा घातलेला कुणीतरी भेटेल आणि त्यांचे गुण गाऊ लागेल. मी त्यांची थोरली वहिनी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. आता ते साठीला टेकले आहेत, मी तिच्या बरीच पुढे गेले आहे, आणि मी त्यांना ओळखते असं म्हणायची हिंमत मला आत्ता कुठे होते आहे.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला भाऊजींचं चष्म्याचं दुकान. दुकानामागे माझ्या नणंदेची खोली. मी त्यांना वन्सं म्हणते, भाऊजी ताई म्हणतात. पहिल्या मजल्यावर भाऊजी आणि जाऊबाई, दुसऱ्यावर मी एकटी. वन्संनी लग्न केलं नाही. टेलिफोनच्या कचेरीत जोडण्या करून देता देता त्यांचं वय निघून गेलं, आणि त्या पगारातून भाऊजी शिकले. सासऱ्यांनी जाताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मागची खोली हिची, ही आहे तोवर हिचीच. तेव्हा सगळ्यांत आधी मान डोलावली ती भाऊजींनी.

भाऊजी डोळे तपासतात. नाकावर ती जड चौकट बसवायची, तीत एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि मऊ आवाजात विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" माणूस बिचारा घाबरत घाबरत एक निवडतो. दोन्ही धूसर आहेत, असं म्हणणारा माझ्या पाहण्यात नाही. आपली परीक्षा चालली आहे आणि उत्तर चुकलं तर आपलंच नुकसान, असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय भाऊजी त्याच्या नातवाचं नाव विचारतात, गुडघ्याची चौकशी करतात, मागच्या खेपेला तो काय म्हणाला होता तेही त्यांना आठवतं. माणूस विरघळतो आणि महागातली चौकट घेऊन जातो.

इतकी वर्षं भाऊजी लोकांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघत आले. समोरच्या डोळ्यात पाणी आलं तर ते कागदी रुमाल पुढे करतात आणि म्हणतात, "हलू नका."

माझे यजमान गेले तेव्हा सगळं भाऊजींनी उचललं. गाडी, कागद, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी, कुठे काही कमी पडू दिलं नाही. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त बसा." मी बसले. पुढे कधीतरी बँकेत गेले, तर खिडकीतल्या कारकुनाच्या नाकावर माझ्या नवऱ्याचा चष्मा. डाव्या दांडीवर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या. विचार करताना चावायची सवय होती त्यांना. घरी येऊन विचारलं, तर भाऊजी अजिबात चपापले नाहीत.

"चौकट नवी होती, वहिनी. काचा बदलल्या."

"हे बरं दिसतं का, भाऊजी?"

"नाहीच दिसत. घरातल्या माणसाची वस्तू अशी विकू नये. म्हणून तर मी शेजारपाजारच्या कुणाला दिली नाही. तुमची बँक तीच, हे लक्षात राहिलं नाही, तेवढं चुकलं."

तेवढं चुकलं. म्हणजे पत्ता चुकला.

आणि गंमत अशी की आमच्या गोतावळ्यात न्याय द्यायचं काम याच माणसाकडे. सासू-सुनेचं वाजलं, भावाभावांत सामाईक भिंतीवरून बिनसलं, की सगळे रविवारी भाऊजींकडे जमणार. भाऊजी दोघांचं ऐकून घेणार आणि असा निवाडा देणार की कुणाला बोट ठेवायला जागा नाही. चुलत सासरे म्हणत, "याला आपला नाही, परका नाही. असा माणूस कोर्टात हवा होता." खरंच होतं ते. ज्याला कुणाचंच काही वाटत नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस आणायचा कुठून?

भाऊजींची मुलगी परगावी वसतिगृहात राहून मानसशास्त्र शिकते. मागच्या सुट्टीत ती प्रश्नांची एक चळत घेऊन आली आणि घरातल्या सगळ्यांना बसवलं. दोन आजारी माणसं आहेत, औषधाची बाटली एकच आहे, एक तुमचा भाऊ आणि दुसरा अनोळखी पण जास्त अत्यवस्थ, तर बाटली कुणाला? अशी ती कोडी.

मी पहिल्याच प्रश्नाला अडले. "भाऊ कोणता, थोरला की धाकटा, ते सांग आधी."

"काकू, तसं विचारायचं नसतं."

"मग उत्तर कसं देऊ? थोरल्याला मी पाणीसुद्धा देणार नाही."

जाऊबाईंनी प्रत्येक प्रश्नाला "यांना विचारा" असं उत्तर दिलं. भाऊजींनी मात्र पाढे म्हणावेत तशी घडाघडा उत्तरं दिली. बाटली अनोळख्याला. खोटं बोलून नोकरी मिळवणं चूक. दुबळ्याच्या अज्ञानाचा फायदा घेणं चूक. उपकारकर्त्याला विसरणं तर फारच चूक.

पुतणी खूश झाली. "बाबांची उत्तरं छापून ठेवण्यासारखी आहेत." मग चहा घेताना ती सांगू लागली. "आमचे सर म्हणतात, काही माणसांना चूक-बरोबर अगदी नीट कळतं. कागदावर ती आपल्यासारखीच उत्तरं देतात. पण दुसऱ्याला लागलं की आपल्याला आत जे टोचतं, ते त्यांना टोचत नाही. त्यामुळे करायची वेळ आली की ते कळणं बाजूलाच राहतं. हे फार टोकाला गेलं की सायकोपॅथ म्हणतात. सगळे काही खून करत नाहीत हं, काकू. आणि थोडं थोडं बऱ्याच जणांत असतं."

भाऊजींनी बिस्कीट चहात बुडवलं. "अरेरे. मग अशा माणसांच्या घरच्यांचं कसं होत असेल गं?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

मी कुणावर शिक्का मारत नाही. शिक्के मारायला शिकलेली माणसं आहेत, त्यांनी मारावेत. मी फक्त खोलीचं काय झालं ते सांगते.

वन्संच्या डोळ्यांना मधलं दिसेनासं झालं आहे. कडेचं थोडं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. याला चष्मा नाही. पण त्यांच्या खोलीत त्या वाऱ्यासारख्या फिरतात. दारापासून पलंग, पलंगापासून शेगडी, शेगडीच्या डावीकडे नळ, वरच्या फळीवर चहाचा डबा, त्याच्या शेजारी साखरेचा. आलेल्याला आधी समजतच नाही की या बाईला दिसत नाही.

एके दिवशी मी खाली गेले, तर वन्सं बाहेर उन्हात बसलेल्या आणि खोलीत भाऊजी.

"वहिनी, इकडे या," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला एक सांगतो. ताईचे डोळे आता तिच्या डोळ्यांत नाहीत. या खोलीत आहेत. ही भिंत, हा नळ, ही फळी, हेच तिचे डोळे. ही खोली गेली, त्या दिवशी ती आंधळी झाली असं समजा."

इतक्या वर्षांत वन्संबद्दल इतकं नेमकं आणि इतकं मायेचं कुणी बोललं नव्हतं. मी पदराने डोळे टिपले, आणि मग पाहिलं की भाऊजी हे बोलता बोलता मोजपट्टीने भिंत मोजत होते.

"काचा घासायचं यंत्र घेतोय," ते म्हणाले. "आता काचा बाहेर पाठवाव्या लागतात, वेळ जातो. इथे चपखल बसेल. जरा ते टोक धरता?"

सांगायला लाज वाटते, पण मी टोक धरलं. सवयीने धरलं.

नंतर दोन दिवसांनी मी वन्संना पेपर वाचून दाखवत होते, तेव्हा भाऊजी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. तपासताना बसतात तितक्या जवळ.

"ताई, एक विचारतो. नदीपलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर निघालंय. बाग आहे, हाताशी बायका आहेत. ते बरं, की दुसऱ्या मजल्यावर वहिनींबरोबर राहणं बरं? सावकाश सांग. घाई नाही."

वन्संनी मान थोडी कलती केली, चौकट नाकावर असल्यासारखी. "दुसरं," त्या म्हणाल्या.

"नक्की? पुन्हा विचारू?"

"नको. दुसरंच."

"वहिनी, तुम्ही ऐकलंत. ताईनं स्वतः निवडलं." आणि ते उठून गेले.

थोड्या वेळाने वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मी आत्ता कशाला हो म्हटलं?" मी सांगितलं. त्यांनी पलंगाच्या कडेवरून हात फिरवला, दोनदा फिरवला. "तिसरं विचारलंच नाही त्याने," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी खाली गेले. भाऊजी काचा पुसत होते.

"भाऊजी, हे चूक आहे."

"आहेच," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. वादाची तयारी करून गेले होते. "मामंजींनी खोली वन्संना दिली आहे."

"दिली आहे. माझ्यासमोर दिली."

"त्यांच्या पगारावर तुम्ही शिकलात."

"हो तर. मी सगळ्यांना सांगतो ते. लपवत नाही कधी."

"वर त्यांना काही दिसणार नाही."

"बरोबर. मीच तुम्हाला समजावून सांगितलं ना ते?"

"मग?"

"मग काय, वहिनी?"

ते खरोखरच माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. उद्धटपणा नाही, टोमणा नाही. आपलं सगळ्यावर एकमत झालं, तरी ही बाई का थांबली आहे, असा चेहरा. पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं मी म्हणाले, "चूक असलं की करायचं नसतं."

भाऊजींनी काच उजेडात धरून पाहिली. "यंत्र पुढच्या शनिवारी येतंय," ते म्हणाले.

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगत, की वाईट कामाकडे हात गेला की आधी पोटात खड्डा पडतो, आणि तो खड्डा देवाने दिलेला असतो. भाऊजींच्या पोटात त्या जागी नाश्ता होता.

जिन्यात जाऊबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वहिनी, त्यांना रडून काही सांगू नका. मी रडून पाहिलंय. ते पाणी आणून देतात."

"मग करू काय?"

"चूक-बरोबर त्यांच्याशी बोलूच नका. त्यात त्यांना कुणी हरवलेलं नाही. त्यांना जड काय जातं, ते बघा." आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेल्या. इतकी वर्षं मी त्यांना मुखदुर्बळ समजत होते.

जड काय जातं याचा विचार करता करता मला थेंब आठवले. दुकानात दर सोमवारी आणि गुरुवारी एक नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाई बसतात. त्या डोळ्यांत थेंब घालतात, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, आणि तोवर माणसाला उजेड भाल्यासारखा टोचतो आणि जवळचं काही दिसत नाही. दुकानात तर जिकडे तिकडे आरसे आणि दिवे. म्हणून थेंब घातलेली माणसं वन्संच्या खोलीत बसत. पडदा ओढलेला, खोली गार. वन्सं एकेकाला हाताला धरून आत नेत. "इथे उंबरा आहे, पाय उचला. हां, आता बसा. घाबरू नका, मला तुमच्याहून कमी दिसतं." मग चहा, गप्पा, कुणाच्या सुनेचं गाऱ्हाणं. अर्धी म्हातारी मंडळी याच्यासाठी आमच्याकडे येत. हे सगळं भाऊजींच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं, कारण ते फुकट होतं.

मी वन्संकडे गेले. "वन्सं, जायचंच आहे तर शनिवारची वाट कशाला बघायची? आज रविवार आहे. आजच वर चला."

"एवढी घाई?"

"उद्या थेंबवाले येतील. गुरुवारी परत येतील."

वन्संच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "वर माझे हाल होतील."

"होतील. नाही होणार म्हणून खोटं सांगत नाही. आणि हे जमेलच असंही नाही."

"चला," त्या म्हणाल्या. "उशी तेवढी घ्या."

भाऊजींनी स्वतः गादी वर आणून दिली आणि माझे आभार मानले. "वहिनी, तुमच्यासारखी समजूतदार माणसं घरात आहेत म्हणून घर चालतं."

हाल झाले. जी बाई मला चहा करून द्यायची, तिला कप कुठे आहे ते विचारावं लागू लागलं. पहिल्याच संध्याकाळी माझ्या कपाटाचं दार उघडं राहिलं आणि त्यांचं कपाळ फुटता फुटता वाचलं. टेंगूळ मात्र आलं. भिंतीला हात लावून त्या चालत, आणि माझ्या भिंतींवर सगळीकडे तसबिरी, त्या धडाधड खाली. "वहिनी, तुमच्याकडे नातेवाईक फार लटकलेत," त्या म्हणाल्या. पण मंगळवारी दुपारी त्या नुसत्याच खुर्चीत बसून राहिल्या, हात मांडीवर, आणि समोर ठेवलेला चहा तसाच गार झाला. त्या दिवशी मला वाटलं, भाऊजींना धडा शिकवायच्या नादात मी या बाईला गमावून बसणार.

सोमवारी जेमतेम तीन-चार म्हातारे होते. भाऊजींनी कसंबसं निभावलं. गुरुवारी मी मुद्दाम खाली जाऊन कोपऱ्यात बसले. मागच्या खोलीला भाऊजींनी यंत्र येईपर्यंत कुलूप घातलं होतं. थेंब घातलेली आठ-दहा माणसं त्या लखलखाटात डोळे मिटून, हात पुढे करून उभी होती. एक निवृत्त हेडमास्तर आरशातल्या स्वतःला "सरका जरा" म्हणत होते, आणि समोरचा सरकत नाही म्हणून चिडत होते. एक आजी चौकटींच्या ट्रेवर बसल्या. कडकड आवाज झाला. कुणीतरी काचेच्या दाराला नाक आपटून घेतलं. प्रत्येक जण तेच विचारत होता, "ताई कुठे? ती अंधारातली खोली कुठे गेली?"

भाऊजी इकडून तिकडे धावत होते, साखर पेरत होते. "बसा काका, बसा. इथे नको, तो शोकेस आहे."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी एकवार सगळीकडे नजर फिरवली. "माझे पेशंट असे रस्त्यावर सोडल्यासारखे? ताईंना बोलवा."

"ताईला वर हलवलंय. वयामुळे. तिची इच्छा होती."

"असं का. मला समोरच्या नव्या दुकानातून कधीपासून बोलावणं आहे. ताईंमुळे मी जात नव्हते. त्या दुकानात अंधाराची खोली आहे म्हणे."

तेव्हा मी भाऊजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दुःख पाहिलं. अगदी खरं, कुणालाही ओळखता यावं असं. सख्खा भाऊ गेला तेव्हा ते दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ते वर आले. वन्संच्या पायाशी बसले, त्यांचा हात हातात घेतला.

"ताई, माझं चुकलं. तुझी खोली ती तुझी खोली. चार रात्री मला झोप नाही."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. "पाठ टेकली की घोरतात," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

वन्संनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. "उशी घे," त्या म्हणाल्या, "आणि जिन्यात पुढे चाल."

झालं. बातमी गल्लीभर गेली. बहिणीसाठी यंत्र नाकारणारा भाऊ. आज असं कोण करतं? चुलत सासऱ्यांनी फोन करून त्यांचं कौतुक केलं, निवृत्त हेडमास्तरांनी तर हारच आणला. भाऊजींनी मान खाली घालून तो स्वीकारला आणि म्हणाले, "यात विशेष काही नाही. योग्य ते केलं." माझ्याशी ते पूर्वीसारखेच गोड आहेत. मी डाव टाकला होता हे त्यांना समजलं असणार, पण मनात ठेवायला राग लागतो, आणि तोही त्यांच्याकडे नाही.

यंत्र परत गेलं नाही, अर्थातच. ते पहिल्या मजल्यावर मुलीच्या खोलीत बसवलं आहे. तिची पुस्तकं खोक्यांत भरून गच्चीच्या जिन्यात ठेवली आहेत. तिचा फोन आला, आवाज रडवेला.

"काकू, मला विचारलंसुद्धा नाही. मी बाबांना म्हटलं, हे बरोबर आहे का? तर म्हणतात, नाही बाळ, चूकच आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"मला पुढे काही सुचलंच नाही."

"सुट्टीत ये," मी म्हटलं. "तुझी काकू आणि आई मिळून शिकवतील."

त्या गुरुवारी संध्याकाळी जिना उतरताना मला राहून राहून वाटत होतं, भाऊजींना नेमकं कशाने हलवलं ते वन्संना सांगावं का. भाऊ हाताला धरून खाली नेतो आहे, लोक वाहवा करतील, वन्संनाही ते खरं वाटत असेल तर आपण कशाला विरजण घालायचं? खोलीत पोचल्यावर भाऊजी गेले आणि आम्ही दोघीच उरलो. वन्संनी दार, पलंग, शेगडी, नळ असा एक फेरा मारला. चहाचा डबा जागेवर होता. मग त्या भिंतीपाशी आल्या, तळवा टेकवून हळूहळू सरकल्या, आणि छातीएवढ्या उंचीवर थांबल्या. बोटाने चाचपडून पाहिलं.

"वहिनी, इथे भोकं पाडलीत."

मी जवळ जाऊन पाहिलं. यंत्राचा लोखंडी आधार बसवायला भाऊजींनी आम्ही वर गेल्या गेल्याच भिंत पोखरून ठेवली होती. ओळीत चार भोकं, अगदी सरळ.

"माहीत आहे मला," वन्सं म्हणाल्या; काय माहीत आहे ते बोलल्या नाहीत. "लहानपणी पडला तर रडायचा नाही. आधी कुणी बघतंय का ते बघायचा, मग ठरवायचा."

त्यांनी पुन्हा एकदा चारही भोकांवरून बोट फिरवलं.

"सुताराला बोलावून खुंट्या ठोकून घ्या. सोमवारी म्हाताऱ्यांना छत्र्या अडकवायला बऱ्या."